गव्याचा पैसा, माशाचा पैसा

हुपरी आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या आम्ही समन्वयक. गेल्या महिन्याच्या बैठकांत एकच प्रश्न दोन तोंडांनी आमच्यापुढं आला. नदीकाठच्या गटातल्या एक काकी म्हणाल्या, “पंचगंगेतला मासा मरून वर येतोय, त्याच्यासाठी सरकार काही पैसे ठेवतं का न्हाई?” दुसऱ्या गटातल्या एका वहिनींचं माहेर राधानगरीकडचं. त्या म्हणाल्या, “आमच्या भावाच्या उसात गवे बसत्यात. गव्यासाठी कोटीनं पैसा येतो म्हणं, मग तो जातो कुठं?”

याचं उत्तर ‘सगळे खातात’ असं एका वाक्यात देता येतं, आणि बैठकीत ते लगेच दिलंही गेलं. पण त्या उत्तरानं कुणाचंच काम होत नाही. म्हणून आम्ही बसून कागद बघितले, जाणत्या माणसांना विचारलं. त्यातून जेवढं नीट समजलं तेवढं आज सांगतो.

आधी तारखा. केंद्र सरकारचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो आणि महाराष्ट्राचा साधारण मार्च महिन्यात. दोन्हींचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. अर्थसंकल्प म्हणजे पैसा नव्हे, अंदाज. टीव्हीवर ‘वाघांसाठी इतके कोटी’ अशी पट्टी येते ती या अंदाजाची. वर्ष अर्धं सरलं की तो अंदाज बदलतात, त्याला सुधारित अंदाज म्हणतात. आणि वर्ष संपल्यावर हिशेब होऊन कळतो तो प्रत्यक्ष खर्च. सरकारच्या पुस्तकात हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात, फक्त तीन वेगवेगळ्या वर्षांचे: येणाऱ्या वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि त्याच्या मागच्या वर्षाचा खरा खर्च.

आपल्या हुपरीच्या बायकांना हे समजायला वेळ लागू नये. शेठकडून चांदी येते ती वजनावर, पैंजण परत जातात ते वजनावर, आणि मधली घट किती धरायची ते आधीच ठरलेलं असतं. घट जास्त आली की विचारणा होते: आटणीत गेली का, घासण्यात गेली, का आणखी कुठं? सरकारच्या पैशालाही अशीच घट असते. विधानसभेनं मंजूर केलेला पैसा एक, वित्त विभागानं खात्याला प्रत्यक्ष वितरित केलेला दुसरा, खात्यानं खर्च केलेला तिसरा. मंजूर शंभर, वितरित साठ, खर्च पंचावन्न, असं होऊ शकतं. (हे आकडे केवळ समजण्यापुरते.) उरलेला पैसा मार्चअखेर परत जातो, त्याला सरकारी भाषेत ‘निधी समर्पित करणे’ म्हणतात. शब्द देवळातला वाटतो, पण अर्थ एवढाच की काम झालं नाही.

या घटीत सगळ्यात वाईट घट असते ती वेळेची. गटाचं कर्ज पेरणीच्या आधी मिळालं तर उपयोग, दिवाळीत मिळालं तर काय करायचं? जंगलाचंही तसंच. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढतात, म्हणजे गवताचा पट्टा आधीच साफ करून ठेवतात. हे काम वणव्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत झालं पाहिजे. पाणवठ्यांतला गाळ पाणी आटायच्या आत काढला पाहिजे. तळ्यात मत्स्यबीज सोडायचं तर पावसाळ्यात. पैसा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आला तर कागदावर शंभर टक्के खर्च दिसेल, पण जंगल तोवर जळून गेलेलं असेल. म्हणून नुसतं ‘किती खर्च झाला’ विचारू नका, ‘कोणत्या महिन्यात खर्च झाला’ हे विचारा. आमच्या मते दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे.

आता पैसा शोधायचा कुठं? अर्थसंकल्पाच्या पुस्तकांचा ढीग बघून घाबरू नका. प्रत्येक कामाला एक क्रमांक असतो, त्याला लेखाशीर्ष म्हणतात. दोनच लक्षात ठेवा. २४०५ म्हणजे मत्स्यव्यवसाय. २४०६ म्हणजे वनीकरण आणि वन्यजीवन. हे क्रमांक देशभर सारखेच असतात. बांधकामासारखे भांडवली खर्च असले तर २ च्या जागी ४ येतो, म्हणजे ४४०५ आणि ४४०६. गटाच्या नोंदवहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावेत असे हे आकडे आहेत.

आधी गव्याचा पैसा बघू. राधानगरीचं जंगल हे शाहू महाराजांच्या काळातलं शिकारीचं राखीव रान. १९५८ साली ते दाजीपूर गवा अभयारण्य झालं, १९८५ मध्ये वाढवून राधानगरी अभयारण्य झालं. आज त्याचं क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या उत्तरेला चांदोली आणि कोयना मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत तो पसरला आहे. अलीकडं विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रंही जाहीर झाली. इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. क्षेत्र जाहीर होतं एका अधिसूचनेनं, पण त्याला पैसा मिळतो अर्थसंकल्पातल्या ओळीनं. पाटी लागली म्हणजे पहारेकऱ्याचा पगार सुटला असं होत नाही.

व्याघ्र प्रकल्पाला केंद्राचा पैसा येतो. एकदाच करायच्या कामांना केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के देतं. दरवर्षीच्या चालू खर्चाला निम्मे निम्मे. प्रकल्पाचे अधिकारी वर्षाचा आराखडा करून पाठवतात, तो मंजूर झाला की हप्ता येतो, हप्ता खर्चल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र दिलं की पुढचा हप्ता. फिरता निधी घेतलेल्या गटांना हे नवं नाही. आपलंही प्रमाणपत्र अडकलं की पुढचं अडकतं. राज्यानं आपला वाटा उशिरा टाकला तर केंद्राचा पैसाही थांबतो आणि दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात वाघ आणि हत्ती प्रकल्पांसाठी मिळून २९० कोटी रुपये ठेवले. आकडा मोठा वाटतो. देशातल्या माणसांत वाटला तर वर्षाला डोई जवळपास दोन रुपये पडतात. चहाच्या कपालाही पुरायचे नाहीत. अर्थात वन्यजीवांवरचा सगळा खर्च एवढाच नाही, राज्यांचा पैसा वेगळा असतो. तरीही मोजमाप म्हणून हे लक्षात असावं.

दुसरा झरा आहे तो कॅम्पाचा. रस्ता, खाण, धरण यासाठी जंगलाची जमीन घेतली की घेणाऱ्यानं भरपाईचे पैसे भरायचे आणि त्यातून दुसरीकडं झाडं लावायची, जंगल आणि वन्यजीव सांभाळायचे. हा पैसा अनेक वर्षं साठत गेला. कायदा झाला २०१६ मध्ये, नियम २०१८ मध्ये, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्रानं राज्यांना ४७ हजार कोटींहून जास्त रक्कम दिली. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ३,८४४ कोटी आले. म्हणजे पैसा होता, पण तो कुणी आणि कसा खर्चायचा हे ठरेपर्यंत वर्षं गेली. आणि एक गंमत बघा: हा निधी वाढतो तेव्हा समजायचं की कुठंतरी जंगल कमी झालं.

अमेरिकेत यासाठी वेगळी युक्ती आहे. १९३७ साली तिथं कायदा झाला आणि शिकारीच्या बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यप्राण्यांसाठी राखून ठेवायला सुरुवात झाली. १९५० मध्ये मासेमारीच्या गळ-दोऱ्यावरच्या कराचं तसंच केलं, तो माशांसाठी. जो जंगलातून, नदीतून घेतो त्यानंच तिथं परत द्यायचं. आपल्याकडं याच्या जवळ जाणारी एक गोष्ट आहे: व्याघ्र प्रकल्पात पर्यटकांकडून घेतलेलं प्रवेश शुल्क व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानकडं जमा होतं आणि तिथंच वापरता येतं. ताडोब्यात गाड्यांच्या रांगा लागतात, तिथं हा पैसा बराच असतो. आपल्या सह्याद्रीत पर्यटक कमी, म्हणून पैसाही कमी. वाघ दिसतो तिथं पैसा जातो. गवा, शेकरू, बेडूक, खेकडा यांच्यासाठी कुणी तिकीट काढत नाही.

आता वहिनींच्या भावाच्या उसाकडं येऊ. जंगलातलं कुरण सुकलं आणि पाणी आटलं की गवा खाली उतरतो, आणि खाली त्याला काय दिसतं? गोड, ओला, दाट ऊस. गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत येऊन गेले हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पिकाच्या नुकसानीला, जनावर मारलं तर त्याला, आणि माणूस दगावला तर वारसांना सरकारची भरपाई आहे. माणूस दगावल्यास ती २०२३ पासून २५ लाख रुपये आहे. त्यातला काही भाग लगेच आणि बाकीचा मुदत ठेवीत ठेवतात. त्याच वर्षी महाराष्ट्रानं या भरपाईसाठी स्वतंत्र कायदाही केला. पिकाचं नुकसान झालं तर त्याच दिवशी फोटो काढा, सात-बारा जोडा आणि वनरक्षकाकडं लेखी तक्रार देऊन पोच घ्या. पंचनामा होईपर्यंत शेत आवरू नका. सात-बारा बाईच्या नावावर नसेल तर पैसाही तिच्या खात्यावर येत नाही. राबते ती आणि पंचनाम्यावर नाव दुसऱ्याचं. हा विषय मोठा आहे, त्यावर वेगळं बोलू.

इथं हिशेबातली एक खोच आहे. ही भरपाई वन विभागाच्याच अंदाजपत्रकातून जाते. म्हणजे वन्यजीवांवरचा खर्च वाढलेला दिसला तरी त्यातला पैसा कुरणावर गेला का भरपाईवर, हे फोडून बघावं लागतं. भरपाई द्यायलाच हवी, त्यात वाद नाही. पण कुरणाला पैसा दिला नाही तर पुढच्या वर्षी भरपाईला जास्त लागतो. दुखण्याला औषध नाही आणि डॉक्टरची फी मात्र वाढत चालली, असा तो प्रकार होतो.

जंगलालगतच्या गटांसाठी एक योजना मात्र नावानिशी लक्षात ठेवा: डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना, राज्याची, २०१५ पासूनची. सुरुवातीला ती व्याघ्र प्रकल्पांच्या बफर क्षेत्रातल्या गावांसाठी होती, पुढं अभयारण्यांच्या लगतच्या गावांनाही लागू झाली. गॅस जोडणी, सौर कुंपण, रोजगाराचं प्रशिक्षण अशी कामं त्यातून होतात. पैसा गावाच्या परिस्थितीकीय विकास समितीमार्फत खर्च होतो. त्या समितीत बायका असतात, पण बैठकीत किती जणी बोलतात हे तुम्हीच आम्हाला कळवा.

आता मासा. इथं आम्हीही सुरुवातीला गोंधळलो होतो, कारण माशाच्या नावानं पैसा भरपूर दिसतो. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये आली, पाच वर्षांत २०,०५० कोटी गुंतवायचे म्हणून. २०२५-२६ मध्ये केंद्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाला २,७०३ कोटींहून जास्त मिळाले, त्यातले २,४६५ कोटी एकट्या या योजनेचे. म्हणजे वाघ-हत्तींच्या साडेआठ पट. पण कुणी लगेच वाघाची बाजू घेऊन भांडू नका. हा पैसा मुख्यतः मासा वाढवून विकण्यासाठी आहे: तळी, पिंजरे, मत्स्यबीज, खाद्य, बर्फ, गाड्या. महिलांना त्यात ६० टक्के अनुदान आहे, सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला ४०. एक लाखाचं मंजूर काम असेल तर साठ हजार. बहुतेक कामांत आधी आपण खर्च करायचा आणि अनुदान मागाहून येतं, तेव्हा कर्जाचं व्याज धरूनच गणित करा. शेततळं असलेल्या गटांनी याकडं जरूर बघावं.

पण तळ्यातला रोहू-कटला वेगळा आणि नदीतली मरळ, वाम, खडस वेगळी. तळ्यात मासा वाढवला म्हणून नदीतला वाचत नाही. या योजनेत थेट मासा राखण्याशी जोडलेला एक भाग आहे तो असा: मासे अंड्यावर असतात त्या काळात मासेमारी बंद ठेवतात, आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै. त्या दिवसांत गरीब मच्छीमार कुटुंबानं खायचं काय? म्हणून मच्छीमारानं १,५०० रुपये बचत करायची, सरकारनं ३,००० घालायचे आणि ते ४,५०० बंदीच्या काळात त्याला द्यायचे. गोड्या पाण्यातल्या मच्छीमारांनाही ही सोय आहे. रक्कम फार तुटपुंजी आहे, हे आमचं मत. तरी कल्पना शहाणपणाची आहे, कारण मासा वाचवायचा खर्च मासे धरणाऱ्या एकट्या कुटुंबावर टाकलेला नाही.

मग पंचगंगेतल्या माशाचा पैसा कुठं आहे? २४०५ मध्ये शोधला तर सापडणार नाही, कारण तो गटाराच्या नावावर आहे.

मासा मरतो कसा ते बघा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन पंचगंगा येते. वाटेत शहराचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, गावांची गटारं मिळतात. पुढं कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बरगे घातले की पाणी थांबतं. थांबलेल्या पाण्यात घाण कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. माशांसाठी लिटरमागं किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दंडक आहे. तो त्याच्या फार खाली गेला की मासा तोंड वर काढून धापा टाकतो आणि मग त्याच बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच लागतो. त्या दिवशी तो धरून बाजारात आणू नये आणि आपणही घेऊ नये, हे जाता जाता.

म्हणजे मासा वाचवणारा पैसा आहे तो सांडपाण्याच्या प्रक्रियेचा. कसबा बावड्यातलं केंद्र, दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर सांडपाणी साफ करायच्या क्षमतेचं, ते राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून उभं राहिलं. केंद्र बांधायचा पैसा एकदा येतो, पण ते चालवायचं वीजबिल दर महिन्याला येतं, आणि ते स्थानिक संस्थेला भरावं लागतं. बांधण्याचं उद्घाटन होतं, वीजबिलाचं होत नाही. म्हणून अंदाजपत्रक बघताना ‘देखभाल दुरुस्ती’ या ओळीवर बोट ठेवा. हुपरीला आता नगरपरिषद आहे, तिचंही अंदाजपत्रक असतं, आणि चांदी उजळायच्या कामातलं आम्लाचं पाणी कुठं जायचं हा प्रश्नही त्यातच बसतो. ग्रामपंचायतींना १५व्या वित्त आयोगातून २०२१ ते २०२६ या काळात जो पैसा आला, त्यातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यासाठीच वापरायचा. नदीकाठच्या गावात त्यातून गटाराच्या तोंडाला शोषखड्डा झाला का, का नुसतं गटार नदीपर्यंत लांबवलं? लांबवलेलं गटारही ‘स्वच्छता’ म्हणूनच लिहिलं जातं.

एक उदाहरण बिनपैशाचंही आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंड नावाचा नदीतला डोह आहे. तिथले खडस मासे देवीचे म्हणून कुणी धरत नाही, येणारे लोक त्यांना खायला घालतात. त्याला सरकारी ओळ नाही, लेखाशीर्ष नाही. पण म्हणून ‘बघा, पैसा लागतच नाही’ असं कुणी म्हणालं तर ते आम्हाला पटत नाही. तो डोह टिकला तो लोकांनी हात आवरला म्हणून. पंचगंगेत नुसता हात आवरून भागणार नाही, नळी आवरावी लागेल, आणि त्याला पैसा लागतो.

आपण शिरायचं कुठून? तीन दारं आहेत. पहिलं जैवविविधता व्यवस्थापन समितीचं. २००२ च्या कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत ती असलीच पाहिजे, आणि तिच्यात किमान एक तृतीयांश महिला हव्यात. गावातल्या झाडा-माशा-पाखरांची नोंदवही तिनं करायची. कुठला मासा पूर्वी कुठल्या डोहात मिळायचा हे आपल्या सासूबाईंना जेवढं ठाऊक आहे तेवढं कुठल्या कचेरीत नाही. अनेक गावांत ही समिती फक्त फलकावर असते. आपल्या गावातल्या सदस्यांची नावं विचारा. त्यात तुमचंच नाव निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका, आमच्या एका गटातल्या ताईंच्या बाबतीत तसंच झालं.

दुसरं दार ग्रामपंचायत विकास आराखड्याचं. पुढच्या वर्षाची कामं त्यात हिवाळ्यातच ठरतात. ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते, तिथं ठराव लिहून घ्या. मार्चमध्ये जाऊन मागणी केली तर गाडी निघून गेलेली असते. तिसरं, जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात, आणि जिल्हा वार्षिक योजनेत वन आणि मत्स्य दोन्हींना पैसा असतो. तिथं आपण बसत नाही, पण आपण निवडून दिलेले बसतात.

आणि आकडे हवे असतील तर माहितीचा अधिकार. एका कार्यालयात आमच्या बायकांना “तुम्हाला काय करायचंय वाघाचं?” असं विचारलं गेलं. कारण सांगायची गरज नाही, कायदाच तसं म्हणतो. साध्या कागदावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही माफ, कार्डाची प्रत जोडायची. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून गोष्ट सांगत बसू नका. जंगलासाठी असा लिहा: “राधानगरी अभयारण्यासाठी मागील आर्थिक वर्षात लेखाशीर्ष २४०६ खाली मंजूर तरतूद, वितरित निधी, महिनावार खर्च आणि समर्पित रक्कम यांची माहिती द्यावी. जाळरेषा, पाणवठे, कुरण विकास आणि पीक नुकसान भरपाई यांवरील खर्च स्वतंत्र दाखवावा.” नदीसाठी नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला: “सांडपाणी प्रक्रियेसाठी मागील वर्षात केलेली तरतूद, प्रत्यक्ष खर्च आणि देखभालीचा महिनावार खर्च.” उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. अर्जाची पोच सांभाळून ठेवा, आणि उत्तर आलं की त्याची एक झेरॉक्स गटाच्या फाईलला लावा आणि एक आमच्याकडं पाठवा.